डीडीएसचे स्पर कसे कमी करावेत: आधी क्लॉक, मग फिल्टर

डीडीएसच्या, म्हणजे डिजिटल पद्धतीने हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपच्या, आउटपुटमध्ये नको ते सिग्नल, म्हणजे स्पर, दिसतात म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: ‘चांगला फिल्टर लाव.’ या सल्ल्यापायी मी दोन महिने फिल्टरच्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) तारेची वेटोळी घालत बसलो होतो. हव्या असलेल्या सिग्नलच्या अगदी शेजारी बसलेला स्पर कुठल्याही लो-पास फिल्टरने जात नाही. तो जिथे तयार होतो तिथेच त्याला टाळावं लागतं.

माझा रिसीव्हर २१ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडचा. आयएफ (आलेला सिग्नल आत ज्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात तिचा) फिल्टर १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलांचा, त्यामुळे सिग्नलशी मिसळायचा लोकल ऑसिलेटर १० ने वर, ३१.० ते ३१.४५ मेगाहर्ट्झ. त्यासाठी एडी९८५० या डीडीएस चिपचं तयार मॉड्यूल, चिपला ताल देणारा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ. डायल २१.३०० वर ठेवली की २१.१०० वरचा जोरदार मोर्सही मागून ऐकू यायचा.

सोप्या गोष्टी आधी उरका. मॉड्यूलला लिनियर रेग्युलेटरवरून स्वच्छ ५ व्होल्ट द्या. ३.३ व्होल्टवर ही चिप फक्त ११० मेगाहर्ट्झपर्यंतच्या क्लॉकसाठी आहे, तरी लोक १२५ चं मॉड्यूल त्यावर चालवतात. कोडमध्ये फ्रिक्वेन्सी बदलली तरच चिपला नवा ट्यूनिंग वर्ड (फ्रिक्वेन्सी ठरवणारा आकडा) पाठवा, लूपमध्ये सतत पाठवू नका.

आता खरं काम: स्पर कुठून येतो ते ओळखणं. इथे घाई केलीत तर पुढची सगळी मेहनत वाया.

स्पेक्ट्रम ॲनालायझरवर स्पर दिसला की ॲनालायझरच्या तोंडाशी १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. मुख्य सिग्नल आणि स्पर दोघेही १० डीबीने उतरले तर स्पर खरा. स्पर त्याहून बराच जास्त उतरला तर तो ॲनालायझरच्या आतच तयार होतोय, तुमच्या सर्किटला हात लावू नका.

खरा असेल तर डीडीएसची फ्रिक्वेन्सी फक्त १ किलोहर्ट्झने वाढवा आणि स्परकडे बघा. जागचा हलला नाही तर क्लॉक किंवा दुसरा कुठला तरी ऑसिलेटर घुसतोय, शिल्डिंग बघा. मुख्य सिग्नलपासून तेवढंच अंतर राखून बरोबर सरकला तर पुरवठ्यातला स्विचिंगचा आवाज. माझा स्पर ३ किलोहर्ट्झ सरकला, आणि तोही उलट्या दिशेला. ते पाहिलं आणि दोन महिन्यांचं कोडं सुटलं. हा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवरचा सिग्नल, क्लॉकवर आपटून परत आलेला.

हिशेब असा. चिपमधला डॅक (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) पूर्ण सरळ रेषेत चालत नाही, म्हणून तो हार्मोनिक तयार करतो. ३१.३ चा तिसरा हार्मोनिक ९३.९. तो क्लॉकच्या अर्ध्याच्या, ६२.५ च्या, वर आहे, म्हणून दुमडून १२५ वजा ९३.९, म्हणजे ३१.१ वर येऊन बसतो. हव्या सिग्नलपासून जेमतेम २०० किलोहर्ट्झवर. ३१.२५ म्हणजे क्लॉकचा बरोबर चौथा भाग, आणि माझा ऑसिलेटर नेमका त्यावरूनच जात होता. ३१.२५१ वर तर स्पर फक्त ४ किलोहर्ट्झवर येतो. क्लॉकच्या तिसऱ्या भागाजवळही हेच, तिथे दुसरा हार्मोनिक छळतो. या जागा टाळायच्याच.

फेज ट्रंकेशनचे, म्हणजे फेजच्या आकड्याचे खालचे बिट कापल्याने येणारे, स्पर हा लोकांचा आवडता विषय, पण या चिपमध्ये त्यांची फार चिंता करू नका. ३२ बिटांपैकी १४ बिट पुढे जातात, म्हणजे ते स्पर वाईटात वाईट ८४ डीबी खाली असतात. उलट ४० मेगाहर्ट्झच्या आउटपुटला डेटाशीट एकूण ५० डीबीच्या थोडा वरचाच आकडा देते. दुखणं डॅकचं आहे.

उपाय: क्लॉक बदला. मी १२५ चा ऑसिलेटर काढून १०० चा लावला. आता तिसरा हार्मोनिक ६.१ वर, दुसरा ३७.४ वर, चौथा २५.२ वर पडतो. ३१.० ते ३१.४५ च्या पट्ट्यातून आरपार जाणारा सगळ्यात खालचा हार्मोनिक आता पंधरावा आहे, आणि तो इतका दुबळा की मला कधी ऐकू आला नाही. तुमच्या पट्ट्यासाठी हा हिशेब पंधराव्या हार्मोनिकपर्यंत स्प्रेडशीटमध्ये करा, मगच ऑसिलेटर विकत घ्या. कोडमधला क्लॉकचा आकडाही बदला, नाहीतर सगळं २० टक्क्यांनी खाली वाजेल.

एडी९८५१ या पुढच्या चिपचा सहापट गुणक वापरून १८० वर जाण्याचा मोह होईल. स्परच्या दृष्टीने जागा चांगली आहे, पण सहापट गुणताना क्लॉकचा फेज नॉइज (सिग्नलच्या आजूबाजूचा खरखराट) सुमारे १५.६ डीबीने वाढतो. रिसीव्हरसाठी मी तो वापरत नाही.

फिल्टर आता. मॉड्यूलवरचा फिल्टर ७० मेगाहर्ट्झचा, आणि १०० च्या क्लॉकला इमेज, म्हणजे क्लॉक वजा आउटपुट इथे उमटणारी प्रत, ६८.७ वर येते, म्हणजे तो तिला अडवत नाही. ४० मेगाहर्ट्झचा सात घटकांचा लो-पास वेगळा लावा.

शेवटी पूर्ण पट्टा ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी फिरवून ॲनालायझर ‘मॅक्स होल्ड’वर ठेवा. पट्ट्याबाहेर एखादं टोक उठलं तर तिथे थांबा आणि १ किलोहर्ट्झची चाचणी पुन्हा करा.