आपलं ब्लोहोल घेऊन विद्यापीठात कसं जायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी ग्रे आयर्नची, म्हणजे करड्या बिडाचे नग ओतायची, छोटी फाउंड्री आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगाला, भोक (ब्लोहोल) पडलं की आमच्याकडे पहिला दोष साच्याच्या वाळूचा, दुसरा साचा करणाऱ्या मोल्डरचा, तिसरा अमावस्येचा. १९६२ पासून कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, पण पोरांच्या ॲडमिशनशिवाय आम्ही तिकडं फिरकत नाही. ऊसवाल्याचं बघा. को ८६०३२ ही जात कोइमतूरची, पण ती इथं आणली राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रानं. बेण्यासाठी शास्त्रज्ञाकडं जायला त्याला कमीपणा वाटत नाही. आम्हालाच वाटतो.

तर जायचं कसं?

आधी प्रश्न नीट लिहा. ‘रिजेक्शन कमी करून द्या’ हा प्रश्न नव्हे. माझा असा होता: अमुक हाउसिंगच्या वरच्या बाजूला, कातडीखाली, मशीनिंग केल्यावरच दिसणारी भोकं, शंभरात सात-आठ नग. सोबत हीट नंबर (मेटल भट्टीच्या कोणत्या घाण्यातलं ते), मेटलमध्ये काय किती आहे हे सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, ओतताना मेटलचं तापमान किती होतं ते. तापमान लिहून ठेवत नसाल तर महिनाभर लिहा आणि मगच जा. मी न लिहिताच गेलो होतो, सरांनी चहा पाजून परत पाठवलं.

नमुना नेताना एक काळजी घ्या. भोकाच्या आतल्या पृष्ठभागाला काहीही लागू देऊ नका. करवतीचं कूलंट आत शिरलं की मायक्रोस्कोपला तुमचं तेलच दिसणार. जमलं तर तुकडा कापण्याऐवजी फोडून न्या, कोरड्या कागदात गुंडाळून.

भेटायचं कोणाला? कुलगुरूंना नाही, प्राचार्यांनाही नाही. मी पहिल्यांदा एका कॉलेजात वरून गेलो. शाल, नारळ, सामंजस्य करार, फोटो. नंतर वर्षभर फोन कोणी उचलला नाही. करार सगळ्यात शेवटी करा. ज्या प्राध्यापकांच्या ताब्यात तपासणीचं मशीन आहे त्यांना गाठा, आणि त्याहून आधी प्रयोगशाळा सहायकाला. मशीन चालू आहे की महिनाभर बंद पडलंय, हे त्यालाच ठाऊक असतं.

फक्त तपासणी हवी असेल तर प्रकरण सोपं आहे. शिवाजी विद्यापीठातल्या सैफ या तपासणी यंत्रांच्या केंद्रात बाहेरच्यांना दर भरून तपासणी मिळते. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली अशी यंत्रं सापडतात, वेळही घेता येते. पण तपासणीचा कागद म्हणजे उत्तर नव्हे. माझ्या कागदावर लिहिलं होतं, भोकाच्या कडेला मँगनीज आणि गंधक जास्त. बरं, मग?

इथं विद्यार्थी लागतो. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हाच प्रश्न घेऊन जा. एप्रिलमध्ये गेलात तर सगळे परीक्षेत. माझ्याकडं आलेल्या पोरानं काय केलं? साच्याच्या प्रत्येक बॉक्सवर खडूनं ओतण्याचा क्रम लिहिला. बस्स. पंधरा दिवसांत दिसलं की खराब नग जवळजवळ सगळे लॅडलच्या (मेटल ओतायच्या भांड्याच्या) शेवटच्या तीन बॉक्समधले. तिथवर मेटल थंड व्हायचं. थंड मेटलमध्ये मँगनीज सल्फाइड वर तरंगतं, स्लॅगमध्ये, म्हणजे मेटलवरच्या मळीत, मिसळतं, ते पातळ स्लॅग लोखंडातल्या कार्बनशी भिडतं आणि गॅस सुटतो. भोक त्या गॅसचं. वीस वर्षं मी वाळू बदलत होतो!

उपाय साधा निघाला. लॅडल नीट तापवायचं, ठराविक तापमानाखाली ओतायचं नाही, आणि मँगनीज हिशेबात ठेवायचं: गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के. सूत्र जुनंच आहे, पुस्तकात असतं. आमच्यात ते वाचलेलं कोणी नव्हतं. बाहेरदेशी माल पाठवायचा तर गिऱ्हाईक कारणासकट रिपोर्ट मागतं. ‘वाळू बदलली’ एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही.

पैशाचं आणि मालकीचं आधी बोला. सरांना पेपर छापायचा असतो, पोराला प्रबंध. गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग त्यात येणार नाही, हे लेखी घ्या. खरंच काही नवं निघालं तर पेपरच्या आधी पेटंटचा अर्ज. जाहीर झालेल्या गोष्टीला, मोजके अपवाद सोडले तर, पेटंट मिळत नाही. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. अर्जात नावं कोणाची, हक्क कोणाचा, हे त्याआधी ठरवा. नंतर ठरवताना तोंडं वाकडी होतात. आमच्यासारख्या बहुतेक प्रश्नांना मात्र पेटंटची गरजच नसते, उगाच वकील गाठू नका.

आणि पोरगं भट्टीवर येणार त्या दिवशी सेफ्टी शूज, चष्मा, हातमोजे तयार ठेवा. आमचं चपलेवर आलं होतं. मोल्डरनं त्याला दारातूनच परत पाठवलं, सर सोबत असूनसुद्धा.