फोटो जोडून केलेलं डिजिटल चित्र 'चिकटवलेलं' का दिसतं? या चुका टाळा

तासन्‌तास कडा साफ केल्या, केसाची बट न् बट वेगळी काढली, तरी माणूस मागच्या फोटोवर चिकटवल्यासारखाच दिसतो. मग बहुतेक जण पुन्हा कडाच कोरत बसतात. दोष बहुधा तिथे नसतो; तो प्रकाशात असतो.

ही चूक फोटो निवडतानाच होते. माणूस कडक उन्हातला आणि मागचं माळरान ढगाळ दिवसाचं, असे दोन फोटो कुठल्याही फिल्टरनं एकत्र नांदत नाहीत. आधी नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय आणि तिची कड धारदार आहे की विरलेली, ते दोन्ही फोटोंत ताडून पाहा. नुसती दिशा उलटी असेल तर फोटो आडवा पलटवून भागतं. कपड्यावरची अक्षरं तेवढी तपासा. मग कॅमेऱ्याची उंची पाहा. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला असेल, तर क्षितिजरेषा डोळ्यांपाशीच यायला हवी. ती गुडघ्यांपाशी आली की माणूस अवाढव्य भासतो. मुद्दाम तोच परिणाम हवा असेल, तर माणसाचा फोटोही खालूनच काढलेला घ्या.

सावलीसाठी फोटोशॉपसारख्या प्रोग्राममधला तयार ड्रॉप शॅडो (आपोआप सावली टाकणारा इफेक्ट) वापरू नका. तो इफेक्ट वस्तू मागच्या भिंतीपासून थोडी अलग आहे असं गृहीत धरतो, त्यामुळे जमिनीवरचा माणूस तरंगू लागतो. सावलीचे दोन लेअर (एकावर एक ठेवलेले थर) करा, दोन्ही मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचं चित्र गडद करणाऱ्या मोडवर. पहिला बुटाच्या तळव्याला लागून: अगदी अरुंद, जवळपास ब्लर (धूसरपणा) नसलेला, ओपॅसिटी (थर किती दाट दिसतो ते) ७० ते ८० टक्के. पाय जमिनीवर टेकल्याचा भास हाच लेअर देतो आणि नेमका तोच राहून जातो. दुसरा म्हणजे लांब पडलेली सावली. माणसाच्या आकाराची प्रत गडद रंगानं भरा, डिस्टॉर्टनं (आकार ताणून-वाकवून) जमिनीवर आडवी पाडा आणि पायांपासून दूर जाताना ब्लर वाढवत न्या. ओपॅसिटी ३० ते ५० टक्क्यांपासून सुरू करून मागच्या फोटोतल्या सावल्यांशी जुळवा. रंग शुद्ध काळा नको. त्याच सावल्यांतून आयड्रॉपरनं (चित्रातला रंग टिपणाऱ्या टूलनं) उचला. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत निळसर छटा असते, कारण तिथे ऊन पोचत नसलं तरी आभाळाचा उजेड पोचतो.

अंतराचंही तसंच. लांबचा काळा रंग धुरकट हवेमुळे राखाडी दिसतो. दूर उभ्या केलेल्या माणसाचे केस गडद काळेच राहिले, तर तो पुढे उडी मारून येतो. त्याच्या लेअरपुरता कर्व्ह्ज (उजेड-अंधार बदलणारी आलेखाची रेघ) लावा आणि खालचं डावं टोक वर उचला. हे करताना सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेअर ठेवा. आधी उजेड जुळवा, रंग नंतर.

आता कडा. पांढरी झालर दिसत असेल तर मास्क (लेअरचा नको तो भाग न खोडता लपवणारा साचा) १ ते २ पिक्सेल आत घ्या. फेदर (कड मऊ करणं) डोळे झाकून देऊ नका. मागचा फोटो त्या अंतरावर जितका धूसर आहे, तितकीच कड मऊ हवी. केसांसाठी लाल, हिरवा, निळा यांपैकी केस आणि मागचा भाग यांत सर्वाधिक फरक दाखवणाऱ्या चॅनेलची (एका रंगाच्या थराची) प्रत घ्या, लेव्हल्स या टूलनं तिचा काळा-पांढरा फरक वाढवा आणि तिचाच मास्क करा. इरेझर वापरूच नका, खोडलेलं परत येत नाही.

एका फोटोत ग्रेन (बारीक दाणे) आणि दुसरा गुळगुळीत, हेही लगेच उघडं पडतं. गुळगुळीत तुकड्यावर ५० टक्के राखाडी लेअर ओव्हरले मोडवर (यात तो राखाडी स्वतः दिसत नाही) क्लिप करा, म्हणजे त्याच तुकड्यापुरता जोडा, त्यात २ ते ४ टक्के एकरंगी नॉइज (कृत्रिम दाणे) घाला आणि १०० टक्के झूमवर पाहा.

आकाशात पट्टे दिसतात ते ८ बिटमुळे. प्रत्येक चॅनेलला फक्त २५६ पायऱ्या मिळतात, आणि कर्व्ह्ज ताणला की त्या वेगळ्या दिसू लागतात. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर ती सुरुवातीलाच १६ बिटमध्ये उघडा. ८ बिटची फाइल नंतर बदलून हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. थोडा नॉइज पट्टे झाकतो, इतकंच.

आकार पहिल्याच दिवशी ठरवा. ए३ कागदावर ३०० पीपीआयनं (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. मूळ काम पीएसडी किंवा टिफ या लेअर जपणाऱ्या फाइल प्रकारांत ठेवा. जेपेगमध्ये लेअर टिकत नाहीत आणि पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केल्यावर तपशील झिजतो. छपाईआधी प्रेसकडून त्यांचं रंगांचं प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांची स्क्रीनवरची झलक, पाहा, आणि सगळ्यात गडद भागाची एक छोटी पट्टी छापून घ्या. स्क्रीनवर दिसणारे सावलीतले बारकावे कागदावर सर्वांत आधी बुडतात.