अंदमानातली स्मारकं पाहताना या चुका टाळा

पोर्ट ब्लेअरच्या सहलीचा साचा ठरून गेलेला आहे. दुपारी विमानातून उतरायचं, संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनि-प्रकाश कार्यक्रम पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटाची बोट पकडायची. सावरकरांच्या कोठडीसमोर फोटो काढून झाला की गावातलं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. चेन्नईपासून काय किंवा कोलकात्यापासून काय, हजारावर किलोमीटर समुद्र ओलांडून माणूस इथे येतो आणि शहराला जेमतेम एक संध्याकाळ देतो. या शहराला किमान दोन पूर्ण दिवस द्या. ते कसे वापरायचे आणि कुठे घोळ होतो, ते पुढे सांगतो.

काळाची सरमिसळ

‘१८५७च्या क्रांतिकारकांना इथेच कोंडलं होतं’ हे वाक्य जेलच्या अंगणात हमखास कानावर पडतं. ते चूक आहे. १८५७च्या उठावातल्या कैद्यांची पहिली तुकडी, सुमारे दोनशे माणसं, मार्च १८५८मध्ये डॉ. वॉकर यांच्या ताब्यात इथे पोचली. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ साली संपलं. म्हणजे त्या पहिल्या कैद्यांच्या वेळी ही इमारत नव्हतीच. त्यांनी चॅथम, रॉस, व्हायपर या बेटांवरचं जंगल तोडलं, आणि किती तरी जण रोगराईने, फटक्यांनी, फाशीने तिथेच संपले. त्यांना भेटायचं तर या बेटांवर जायला हवं.

ढोबळमानाने तीन थर लक्षात ठेवा. १८५८पासूनची कैद्यांची वसाहत, १९०६नंतरचं राजबंद्यांचं जेल, आणि मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हा जपानी ताब्याचा काळ. कुठल्याही स्मारकापुढे उभं राहिलात की ते यातल्या कोणत्या थरातलं आहे, एवढं आधी पाहा. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

आपल्या मराठी मंडळींच्या दोन खास चुका आहेत. सागराला मायभूमीकडे नेण्याची विनवणी करणारी सावरकरांची कविता कोठडीसमोर गहिवरून म्हटली जाते, ती इथेच सुचली अशा समजुतीने. ती १९०९ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली गेली. त्यांची समुद्रातली उडीसुद्धा जुलै १९१०मधली, फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरातली. अंदमानात ते ४ जुलै १९११ रोजी आले आणि मे १९२१पर्यंत इथे होते. बरोबर मुलं असतील तर हा क्रम त्यांना विमानातच सांगून टाका. कविता जरूर म्हणा, पण मुलांच्या डोक्यात ब्रायटन, मार्सेलिस आणि अंदमान यांचा काला होऊ देऊ नका.

जेल फक्त रात्री पाहणं

ध्वनि-प्रकाश कार्यक्रम चांगला आहे, पाहावा. पण अंधारात खुर्चीवर बसून जेलची रचना कळत नाही, आणि या जेलची क्रूरता तिच्या रचनेतच आहे. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघत होत्या. त्यांत ६९३ कोठड्या, प्रत्येक साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद, झरोका डोक्याच्या कितीतरी वर. एका इमारतीचा दर्शनी भाग पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहे. त्यामुळे कुणालाच दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायचा नाही. बाबाराव आणि विनायक हे सख्खे भाऊ एकाच जेलमध्ये होते, पण धाकटा इथे आल्यावर कितीतरी दिवस त्यांची गाठ पडली नाही. ते कसं शक्य होतं, हे दिवसाउजेडी त्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर समजतं.

‘सात इमारती होत्या, मग दिसतात तीनच, असं कसं?’ हा प्रश्न पडला तर मनोऱ्यावरून गच्चीत जा. बाकीच्या चार इमारती आज नाहीत. त्या आवारात १९६३पासून शहराचं सरकारी रुग्णालय आहे. खाली अंगणात कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचा तेलाचा घाणा, दिसेल. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, नाहीतर शिक्षा. तो आकडा मनात ठेवून त्या लाकडी दांड्याकडे पाहा.

मनोऱ्यातल्या नामफलकांकडे फार कमी जण वळतात, आणि वळणारे फक्त महाराष्ट्राचा रकाना शोधतात. तो वाचाच. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले वामनराव जोशी आपल्याकडे किती जणांना आठवतात? मग बंगाल आणि पंजाबचे फलकही वाचा. यादीचा मोठा भाग तिथला आहे. १९३३च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोईत्र यांचा मृत्यू झाला, तोही जबरदस्तीने नळीवाटे दूध भरण्याच्या प्रकारामुळे. या नावांपुढे दोन मिनिटं थांबणारा मराठी माणूस मला पाहायचा आहे.

एक कळकळीची विनंती. फाशीघरात दोराजवळ हसरे सेल्फी काढू नका, मुलांना कोलूवर बसवू नका. सावरकरांची कोठडी सात फूट रुंदीची आहे. आत घोषणा देत दहा-दहा जणांचा घोळका उभा राहिला की मागच्या माणसाला त्या एकांताचा अंदाजही येत नाही.

सूर्य आणि सुट्ट्या

घड्याळ मुंबईचंच, पण सूर्य बराच पूर्वेचा. डिसेंबरात इथे पाचच्या सुमाराला सूर्यास्त होतो. ‘जेवून, जरा पडून, चारला निघू’ असा बेत केलात तर स्मारकाच्या दारात अंधार भेटतो. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारची झोप त्या दोन दिवसांपुरती सोडा.

साप्ताहिक सुट्ट्यांचा शिरस्ता असा आहे: सेल्युलर जेल सोमवारी, रॉस बेट बुधवारी आणि चॅथमची लाकूड गिरणी रविवारी बंद. त्यात बदल होत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एकदा खात्री करा. हंगामात संध्याकाळच्या कार्यक्रमाची तिकिटं आधीच संपतात आणि हिंदी-इंग्रजी खेळांचे वार वेगळे असू शकतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी खेळाची तिकिटं काढून बसवलेली कुटुंबं दरवर्षी दिसतात.

समुद्र खवळला की बेटांच्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून बेटं पहिल्या दिवशी ठेवा, जेल दुसऱ्या दिवशी. बोट रद्द झाली तर अदलाबदल करायला जागा राहते.

नव्या-जुन्या नावांचा घोळ

२०१८च्या डिसेंबरात रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. २०२१मध्ये माउंट हॅरिएटला माउंट मणिपूर नाव मिळालं आणि २०२४मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असं होऊ शकतं. दोन्ही नावं लिहून जवळ ठेवा.

जपानी काळ वगळणं

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. नेताजी इथे आले आणि ३० डिसेंबर १९४३ रोजी त्यांनी तिरंगा फडकवला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. (मूळ जागा जिमखाना मैदान, आजचं नेताजी स्टेडियम. समुद्राकाठचा उंच ध्वजस्तंभ अलीकडचा आहे.) पण त्याच आठवड्यांत याच जेलमध्ये काय चाललं होतं, हे विचारलं जात नाही. जपान्यांना हेरगिरीचा संशय होता आणि त्यांनी स्थानिक भारतीयांची धरपकड चालवली होती. इंडियन इंडिपेन्डन्स लीग या परदेशस्थ भारतीयांच्या स्वातंत्र्यसंघटनेचे इथले प्रमुख, पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंह यांचा दीर्घ छळानंतर १४ जानेवारी १९४४ रोजी सेल्युलर जेलमध्येच अंत झाला. ३० जानेवारीला, म्हणजे झेंडा फडकल्याला बरोबर महिना होत असताना, ४४ जणांना शहराबाहेर हंफ्रेगंजला नेऊन गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचसे त्याच लीगचे सदस्य होते.

हंफ्रेगंजला त्यांचं स्मारक आहे. नेहमीच्या सहलीत ते नसतं, त्यामुळे रिक्षा किंवा गाडी ठरवताना नाव घेऊन सांगा. जेल पाहिल्यानंतर त्याच दिवशी जा. ब्रिटिशांनी बांधलेल्या कोठड्या दुसऱ्याही सत्तेने तशाच वापरल्या, हे मग नीट उमगतं.

कॉर्बिन्स कोव्ह या किनाऱ्याच्या रस्त्याकडेला आणि रॉसवर जपानी बंकर आहेत. आत शिरू नका. पाय घसरतो, अंधारात काय असेल सांगता येत नाही, आणि आतला कचरा आपल्यासारख्याच पर्यटकांनी टाकलेला असतो. बाहेरून तोफेचा रोख कुठल्या दिशेला असेल ते पाहा. बंदर कसं राखलं होतं, हे तेवढ्यावरून कळतं. रॉस नौदलाच्या अखत्यारीत आहे, तेव्हा मनाई असलेल्या भागाचे फोटो आणि ड्रोन विसरा.

बोटीच्या रांगेत उभं राहून मान न वळवणं

रॉसची बोट ॲबरडीनच्या जलक्रीडा संकुलातून सुटते. त्याच आवारात मे १८५९मधल्या ॲबरडीनच्या लढाईचं स्मारक आहे. आपली जमीन जाताना पाहून ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या वसाहतीवर चाल केली. त्यांच्यातच राहिलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने आधीच खबर दिली आणि बंदुकांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. बेटांच्या मूळ मालकांचं स्मारक बोटीच्या रांगेपासून चार पावलांवर आहे, आणि रांगेतली माणसं मोबाइलमध्ये असतात.

चॅथम पाहून तिथूनच परत फिरणं

चॅथमला १८८३ची लाकूड गिरणी आणि मार्च १९४२मधल्या जपानी बॉम्बने पडलेला खड्डा दाखवतात. लोक तो पाहून गाडीत बसतात. पण चॅथमच्या धक्क्यावरूनच समोरच्या काठावरच्या बांबू फ्लॅट या गावाला जाणारी फेरीबोट मिळते, आणि पलीकडे माउंट हॅरिएटच्या पायथ्याशी होपटाउन आहे. तिथे ८ फेब्रुवारी १८७२च्या संध्याकाळी शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकून ठार केलं. शेर अलीला ११ मार्चला व्हायपर बेटावर फाशी दिलं. व्हायपरला उतरू देणारी बोट रोज मिळेलच असं नाही, पण होपटाउन तर पलीकडेच आहे. सकाळी गिरणी पाहा, मग बोटीने पलीकडे जा, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा.