या चुका टाळा : दोन ॲव्हरेजची तुलना करताना

प्रोजेक्टचा हंगाम आला की एक विषय माझ्या टेबलावर हमखास येतो: पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह टाकल्यावर गाडीचं ॲव्हरेज वाढतं का? विषय चांगलाच आहे. त्याची वाट लावायच्या तऱ्हा मात्र दर वर्षी त्याच.

ऑल्टो आणि स्कॉर्पिओ एकाच रकान्यात बसवून दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग, ते तपासायची चाचणी) लावायची, ही पहिली. समजा आठ गाड्या आहेत आणि गाडीगाडीतलं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, लिटरमागे 4 किमी. ॲडिटिव्हने सरासरी अर्धा किमी वाढला, त्या आठ फरकांचं प्रमाण विचलन 0.2. स्वतंत्र गट धरले तर टी (विखुरलेपणाच्या मानाने फरक किती मोठा, तो आकडा) येतो 0.25, म्हणजे शून्यातच जमा. प्रत्येक गाडीची तुलना तिच्याशीच केली तर 7.07; आणि फरक निव्वळ योगायोग नाही म्हणायला, नेहमीच्या 5 टक्के पातळीला, 2.365 पुरतो. आकडे तेच, पहिल्या वेळी फक्त गाडीची आधी-नंतरची जोडी तोडली.

जोडी तोडायचा दुसरा मार्ग जास्त घातक. एका मुलाचा निकाल इतका देखणा आला की मला शंका आली. आठही गाड्यांचं ॲव्हरेज वाढलेलं! मूळ वही मागवली, तर तीन गाड्यांचं चक्क घटलं होतं. साहेबांनी 'शीट नीट दिसावी म्हणून' आधीचा आणि नंतरचा रकाना वेगवेगळा सॉर्ट केला होता. गंमत म्हणजे असं केल्याने सरासरी फरक बदलत नाही, त्यामुळे चूक पकडली जात नाही. फरकांचा विखुरलेपणा तेवढा आटतो आणि टी फुगतो. तेव्हापासून मी गाडीचा नंबर पहिल्या रकान्यात लिहायला लावतो आणि शीट बघण्याआधी वही बघतो.

टाकी फुल करताना पंप तोच, नोझल तीच, आणि ऑटो-कट झालं की थांबायचं. 'राउंड फिगर करून टाका' म्हणणाऱ्यांनी हा विषय घेऊच नये. 40 किमी फिरून 2 लिटर जाळलं आणि 200 मिली इकडेतिकडे झालं, की 10 टक्के चूक तिथेच झाली. किमान 300 किमी चालवा. कंटाळा येतो? येऊ दे.

सगळ्या 'आधी'च्या फेऱ्या डिसेंबरात आणि 'नंतर'च्या एप्रिलमध्ये एसी लावून केल्या, तर तुम्ही एसी मोजलात. कुठल्या गाडीला ॲडिटिव्ह आधी, ते छापा-काटा करून ठरवा. ड्रायव्हर बदलू नका. टायरमधली हवा दर फेरीआधी थंड टायरवर तपासा.

एकच गाडी दहा वेळा पळवली म्हणजे दहा गाड्या होत नाहीत.

नॉर्मॅलिटी (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का, ते) फरकांची बघायची, दोन रकान्यांची नव्हे.

आणि ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका. घाट चढताना 100 किमीला 10 लिटर, उतरताना 5. म्हणजे 200 किमीला 15 लिटर, लिटरमागे 13.3. पंधरा नव्हे. मी किमी आणि लिटर असे दोन वेगळे रकाने ठेवतो, भागाकार शेवटी.