जुन्या गाडीचा लॅकर रंग : चकाकी आणावी कशी, टिकवावी कशी

जुन्या गाडीला पहिल्यांदा पॉलिश करणारा माणूस फडकं उलटून बघतो आणि घाबरतो, कारण गाडी मरून असेल तर फडकंही मरून झालेलं असतं. लॅकरच्या बाबतीत हे व्हायचंच. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि पॉलिश करताना झिजतो तो हा वरचा थर. जुन्या लॅकरवर सहसा असं पांघरूण नसतं. तुम्ही घासता तो थेट गाडीचा रंगच. म्हणून फडक्यावर रंग येणं ठीक आहे, पण तो किती येतोय याकडे सतत लक्ष हवं. एकदा निघालेला रंग परत येत नाही.

हा रंग कसा वाळतो ते आधी समजून घ्या, पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. मोटारींना पूर्वी ब्रशने वार्निशचे थर देत आणि ते वाळायला काही आठवडे लागत. १९२३मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांनी ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला. १९२४च्या ओकलंड गाडीवर तो ‘ट्रू ब्लू’ या निळ्या छटेत आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे तर ड्युको हे नाव इतकं रुजलं की लाकडी कपाटावर स्प्रेने मारलेल्या रंगालाही लोक ड्युकोच म्हणतात. गॅरेजमधल्या पेंटरच्या तोंडी मात्र ‘एनसी’ हा शब्द असतो, म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळला. आत दुसरी कुठलीही रासायनिक घट्ट बांधणी होत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनीही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो आणि तापला की मऊ पडतो.

आधी रंग ओळखा

डिकीच्या आत किंवा दाराच्या बिजागरीजवळ, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशी जागा निवडा. कापसाच्या बोळ्याला थोडा एनसी थिनर लावून तिथे अलगद टेकवा. रंग लगेच मऊ होऊन बोळ्यावर आला तर तो लॅकर. सुरकुतला तर बहुधा जुना इनॅमल, आणि काहीच झालं नाही तर नंतर कधीतरी मारलेला हार्डनरवाला टू-के रंग. नेलपॉलिश रिमूव्हरनेही ही चाचणी होते. नेलपॉलिशमध्येही नायट्रोसेल्युलोजच असतं, त्यामुळे दोघांचं नातं जवळचं आहे.

ही चाचणी एका जागी करून थांबू नका. आमच्या घरातल्या १९६८च्या फियाट ११०० डिलाइटचं बॉनेट एनसीत आहे आणि डावं मडगार्ड टू-केमध्ये, कारण मधल्या काळात एक अपघात झाला होता. बाहेरून बघून हा फरक कुणालाही कळत नाही.

धुणं आणि पाहणी

गाडी सावलीत उभी करा आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडकं खंगाळायची. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, दोन्हींनी रंगावरचा मेणाचा थर निघून जातो. जिथे बारीक चिरा पडल्या आहेत तिथे प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका. पाणी चिरेतून पत्र्यापर्यंत गेलं की गंज आतून रंगाला फुगवत बाहेर येतो.

धुऊन पुसल्यावर गाडी तिरप्या उजेडात बघा. बोट फिरवल्यावर खडूसारखी पावडर येत असेल तर ते ऑक्सिडेशन आहे, पॉलिशने जाईल. वाळलेल्या तळ्याच्या तळासारखी चिरांची जाळी दिसत असेल तर तिच्यावर पॉलिशचा उपाय नाही, कारण चीर रंगाच्या पूर्ण जाडीतून गेलेली असते. ती घासून घालवायच्या नादात बाकीचा रंग संपतो. अशा भागावर हलकं पॉलिश आणि मेण, इतकंच करावं. त्या चिरा गाडीच्या वयाच्या आहेत आणि मला तरी त्या खुपत नाहीत.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर जरूर वापरा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. ते पत्र्यापासून वरपर्यंतची सगळी जाडी दाखवतं. आपल्याकडच्या गाड्यांवर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरपूर भरलेली असते. आकडा ४०० मायक्रॉन आला म्हणून रंग जाड आहे असं होत नाही, त्यातली बरीचशी लांबीच असू शकते.

कोरड्या रंगाला आधी तेल द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेला रंग अगदी रुक्ष झालेला असतो. त्यावर थेट रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा भाग खरडणारी लगदी, लावला तर रंग भराभर सुटतो. त्याआधी तेल जास्त असलेलं, घासणी गुण नसलेलं ग्लेझ लावा. जुने लोक यासाठी मेग्वायर्सचं ७ नंबरचं ग्लेझ वापरतात. ते एरवीसारखं पातळ न लावता मऊ टॉवेलच्या तुकड्याने जाडसर थापा, हलक्या हाताने चोळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुसून काढा. अगदीच पांढुरका झालेला टप असेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा लावा. रंग खोल आणि ओला दिसू लागतो, आणि पुढच्या घासण्यालाही थोडा सोशीक होतो.

घासणं

आधी कडा झाका. बॉनेटची कड, दरवाज्याची रेघ, मडगार्डचा उंचवटा अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि हाताचा दाबही तिथेच जास्त पडतो. मी पहिल्या वर्षी बॉनेटची कड न झाकता घासली. दोन मिनिटांत खालचा रेड ऑक्साइड प्रायमर दिसायला लागला. तो विटकरी पट्टा पुढे दोन वर्षं रोज डोळ्यांसमोर होता. मास्किंग टेप लावताना ती आधी पँटवर दोन-तीनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो. नाहीतर टेप काढताना जुना लॅकर तिच्यासोबत निघतो. रबरी बीडिंगही झाका, कंपाउंड त्यात शिरून पांढरा होतो.

आता टपावर किंवा बॉनेटवर एक फूट बाय एक फूट चौकोन निवडा. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड, दोन्ही हातानेच चालवून बघा. जमलं तर तिथेच थांबा, जास्त तीव्र काही नको. नाही जमलं तर एक पायरी वर, म्हणजे बारीक कंपाउंड. दुकानात डब्यात मिळणारा जाडाभरडा रबिंग कंपाउंड लॅकरवर मी वापरत नाही. तो चकाकी आणतो, पण त्यासाठी रंगही खूप खातो.

गडद रंगावर हात गोल गोल फिरवू नका. गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ फिरवा, राहिलेले ओरखडे उजेडात कमी दिसतात. मशीन वापरायचंच असेल तर ड्युअल अॅक्शन (पॅड गोल फिरता फिरता डोलतोही) घ्या, तेही कमी वेगावर. रोटरी (पॅड एकाच आसाभोवती फिरतो) एका जागी चार सेकंद जास्त थांबला तरी पत्रा तापतो आणि मऊ झालेला लॅकर पॅडबरोबर ओढला जातो. दर अर्ध्या मिनिटाने तळहात लावून बघा. कोमटपेक्षा जास्त लागलं तर दुसऱ्या पॅनेलकडे वळा. फडकं सतत पालटत राहा, आणि त्यावर गाडीच्या रंगाऐवजी करडी किंवा विटकरी छटा दिसली तर त्याच क्षणी हात थांबवा. तो प्रायमर आहे.

मेटॅलिक रंगावर आणखी जपून. क्लिअर कोट नसलेल्या मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमची चूर्णं उघडी पडतात आणि एक जागा दुसरीपेक्षा गडद दिसू लागते.

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, हा शेवटचा उपाय, तोही २००० नंबरचा किंवा त्याहून बारीक, आणि भरपूर पाण्यातच. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका.

मेण आणि रोजची काळजी

पॉलिशनंतर कार्नोबा मेणाचा पातळ थर द्या. दर तीन महिन्यांनी पुन्हा द्या, आणि पावसाळ्याआधी नक्की. नुकताच रंगवलेला लॅकर असेल तर मात्र दोन-तीन महिने मेण लावू नका. आत अडकलेला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो, त्याला वाट हवी. सिलिकॉन असलेल्या पॉलिशपासून दूर राहा. ते वर्षांनंतरही छळतं, कारण त्या जागी पुन्हा रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. सिरॅमिक कोटिंग आणि त्याआधीची अल्कोहोलची पुसणी मी जुन्या लॅकरवर करत नाही.

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणाऱ्या दादांना तुमची गाडी वगळायला सांगा, महिन्याचे पैसे मात्र देत राहा. दहा गाड्यांची धूळ एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात असते, आणि मऊ लॅकरवर तिचे ओरखडे लगेच उठतात. पेट्रोल भरताना थेंब सांडला तर तिथल्या तिथे पाणी ओता. ब्रेक ऑइलच्या बाबतीत तर क्षणाचाही उशीर नको. पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने भिजवून उचला, खरवडू नका. रेक्झिन किंवा प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात आतल्या आत घाम धरतं, त्याऐवजी हवा खेळेल असं सुती कव्हर घ्या आणि ते धूळ नसलेल्या गाडीवरच घाला.

दगडाचा टवका उडाला तर लॅकरचा एक मोठा गुण कामी येतो, नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. बारीक ब्रशने पातळ केलेल्या एनसीचे पाच-सहा ठिपके द्या, प्रत्येक ठिपका वाळू द्या, खड्डा किंचित वर आला की आठवड्याने वॉटर पेपर आणि पॉलिश. जून ते सप्टेंबर हे काम टाळा, विशेषतः मुंबई-कोकणात. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधाळ ढग येतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा आणि सकाळी दहानंतरची वेळ यासाठी उत्तम. थिनरचे बोळे आणि एनसी लागलेली फडकी घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. नायट्रोसेल्युलोज फार लवकर पेट घेतं. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात ती बुडवून ठेवा.