पुस्तकासाठी मुद्रितशोधक कसे निवडावेत

माझ्या पहिल्या कथासंग्रहात एका कथेचं शेवटचं वाक्य होतं, ‘ती परत आली नाही.’ छापून आलं, ‘ती परत आली.’ पहिल्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या प्रतीत, वाक्य बरोबर होतं. प्रुफातल्या चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकांनी त्याच ओळीतल्या आधीच्या शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला सांगितलं, डीटीपी (संगणकावर मजकुराची पानं लावणं) करताना दुरुस्ती झाली पण ‘नाही’ उडालं. दुरुस्त्या नीट बसल्यात का, हे पाहणारं दुसरं वाचन खर्च वाचवायला मीच नको म्हटलं होतं. अख्खी कथा उलटी झाली. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक ठरवा: तुम्हाला संपादक हवेत की मुद्रितशोधक? पाल्हाळ कापणं, प्रकरणं मागेपुढे करणं हे संपादकांचं काम. ते पूर्ण झाल्यावर आणि पानं लावून झाल्यावर मुद्रितशोधन सुरू होतं. प्रुफं हातात आल्यावर नवा परिच्छेद घुसवला, तर पुढची पानं सरकतात आणि आधीची मेहनत वाया जाते. मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टाइप करण्याच्या जुन्या प्रणालींतून युनिकोडमध्ये आणला असेल, तर रूपांतर झाल्यानंतरचीच प्रत वाचायला द्या. रूपांतरात जोडाक्षरं मोडतात आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

माणूस शोधायचा तर घरातलं कपाट उघडा. ज्या पुस्तकांची छपाई तुम्हाला निर्दोष वाटली, त्यांचं श्रेयपान, म्हणजे प्रकाशक-मुद्रकांची नावं असलेलं सुरुवातीचं पान, पाहा. अनेक प्रकाशक तिथे मुद्रितशोधकांचं नाव देतात. ओळखीच्या प्रकाशकांकडे, डीटीपीवाल्यांकडे विचारा. फक्त वेळ सांभाळा. गणपतीच्या आगेमागे चांगले मुद्रितशोधक दिवाळी अंकांत बुडालेले असतात. त्या दिवसांत घाईने गळ घालून काम चांगलं होत नाही.

मग नमुना वाचून घ्या, आणि त्याचेही पैसे द्या. स्वतःच्याच पुस्तकातली तीन-चार पानं निवडा. त्यात मुद्दाम काही चुका पेरा: ‘महत्व’, ‘उहापोह’, ‘कोट्याधीश’, ‘मतितार्थ’. महत्त्व, ऊहापोह, कोट्यधीश, मथितार्थ हे बहुतेकांना जमेल. खरी पारख पुढे आहे. ‘शिक्षक दीन’ हे संगणकाला चूक वाटणार नाही, कारण दीन हाही शब्दच आहे. तिसऱ्या पानावर सुलभाची सुलोचना करून ठेवा. आणि एक संवाद बोलीतला असू द्या. ‘म्या सांगतलं व्हतं’ याचं ‘मी सांगितलं होतं’ करून परत देणाऱ्यांना नियम माहीत असतील, पण पुस्तक कळलेलं नाही. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची असते. मला सगळ्यात विश्वासाचे वाटतात ते पानाच्या कडेच्या समासात प्रश्न लिहिणारे: ‘पान २ वर सुलभा, इथे सुलोचना. कोणतं नाव ठेवायचं?’ न विचारता बदलणाऱ्यांपासून सावध राहावं.

शुद्धलेखनाचे नियम कोणते, हेही बोलून घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, हे त्यांतलंच. तरी बऱ्याच गोष्टी लेखकाच्या मर्जीच्या असतात: निवेदनात ‘केलं’ की ‘केले’, आकडे अंकात की अक्षरात, देविदास की देवीदास. या निवडींचा एक कागद करा आणि प्रुफांसोबत द्या. आडनावं आणि गावांची नावं त्यात आवर्जून लिहा, ती तुमच्याइतकी कोणालाच माहीत नसतात.

व्यवहार लेखी करा, साधा ईमेलही चालतो. दर पानावर असेल तर पान किती शब्दांचं ते ठरवा. ६०,००० शब्दांचं पुस्तक ३०० शब्दांच्या हिशेबाने २०० पानं होतं, २५० च्या हिशेबाने २४०. शब्दांवर दर ठरवला तर हा घोळच राहत नाही. खुणा कागदावर लाल पेनने होणार की पीडीएफवर, दुरुस्त्या कोण बसवणार, आगाऊ रक्कम किती, तारीख कोणती, श्रेयपानावर नाव कसं द्यायचं, हे त्यातच लिहा. आणि वाचनं किती? दोन तरी हवीतच. पहिलं संपूर्ण, दुसरं दुरुस्त्या जुळवण्याचं. पैसे कमी असतील तर मुखपृष्ठावर कमी खर्च करा, पण हे दुसरं वाचन सोडू नका.

दुसऱ्या वाचनात जुनं खुणा केलेलं प्रूफ डावीकडे, नवं उजवीकडे ठेवायचं. जिथे खूण आहे तिथून तो परिच्छेद संपेपर्यंत शब्दाला शब्द लावून पाहायचा, कारण एक अक्षर वाढलं तरी पुढच्या ओळी सरकतात. मग अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे प्रत्यक्ष पानांशी ताडायचे. पानांच्या माथ्यावरची शीर्षकं, अर्पणपत्रिका, मलपृष्ठ आणि कणा सगळ्यांच्या नजरेतून निसटतात, म्हणून ते शेवटी, वेगळे बसून वाचायचे. यानंतरच छापायला परवानगी द्या, आणि तुमची सही असलेलं ते प्रूफ पुस्तक हातात येईपर्यंत जपून ठेवा.