रिबटल लिहिताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी तेच. कॉन्फरन्सला पाठवलेल्या मशीन लर्निंगच्या पेपरचे रिव्ह्यू आले की आमच्याकडची पोरं आधी स्कोअर बघतात, मग 'रिव्ह्यूअर टू'च्या (खडूस परीक्षकाचं ठरलेलं टोपणनाव) नावाने बोटं मोडतात आणि त्याच रात्री रिव्ह्यूंना उत्तर, म्हणजे रिबटल, लिहायला बसतात. त्या रात्री लिहूच नका. मी एकदा वाचतो, टॅब बंद करतो, दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसतो. रात्री बिनडोक वाटलेले निम्मे प्रश्न सकाळी रास्त वाटतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे विचारलंय एक आणि उत्तर भलतंच. मीही केली आहे. रिव्ह्यूअरने विचारलं होतं, 'आकडे किती सीडचे? फरक नॉइजमधलाच तर नाही?' सीड म्हणजे प्रयोगातली यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा; तो बदलला की निकाल थोडा हलतो, तोच नॉइज. आम्ही एकच सीड चालवला होता. ते कबूल करायचं सोडून आमची कल्पना किती नवी, यावर मी तीन परिच्छेद हाणले. 'माझा प्रश्न तसाच राहिला,' एवढंच लिहून त्याने पाचाचा स्कोअर चारवर आणला. पेपर गेला. नंतर निमूटपणे पाच सीड चालवले. आमची आघाडी ०.४ टक्क्याची आणि सीड बदलला की आकडा ०.६ने हलायचा! तेव्हापासून माझा शिरस्ता असा: वर त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, खाली पहिल्याच वाक्यात आकडा, नाहीतर 'हो, हे राहिलं'. बाकी समजावणं मागाहून. रिव्ह्यू आणि रिबटल वाचून निकालाची शिफारस करणाऱ्या एरिया चेअरपुढे पेपरांचा ढीग असतो. तो पहिली ओळच वाचेल असं धरून चाला.

'अपेंडिक्समध्ये आहे' म्हणून मोकळे होऊ नका, तक्ता तिथेच उतरवा. कोडची लिंक स्वतःच्या गिटहबची देऊ नका, डबल ब्लाइंड (लेखक आणि रिव्ह्यूअर यांची नावं एकमेकांपासून लपवणं) तिथेच संपतं. आणि चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं 'आपल्या मौलिक अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार' लगेच ओळखू येतं. सीव्हीपीआर या कॉम्प्युटर व्हिजनच्या कॉन्फरन्सला रिबटल एक पानाचं. त्यात आभाराला जागा कुठली?

डेडलाइन 'एओई' (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर दिवस सगळ्यात शेवटी संपतो तिथली वेळ) असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. पाच पंचविसाला अपलोड करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

नशिबाचा भाग असतोच. २०१४ साली न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या कॉन्फरन्सने, तेव्हाच्या निप्सने, १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांना दिले. ४३ पेपरांचे निकाल जुळले नाहीत. पण हे ऐकून काहीजण नाकारलेला पेपर जसाच्या तसा पुढच्या कॉन्फरन्सला ढकलतात. असा एक पेपर फिरून माझ्याकडेच आला होता. दुसऱ्या तक्त्यात मी दाखवलेली बेरजेची चूकसुद्धा तश्शीच होती.